रेंडर लागलाय

‘रेंडर लागलाय’ हे माझ्या धंद्यातलं सर्वांत उपयोगी वाक्य आहे. मी डोंबिवलीत राहणारा, घरातल्याच एका खोलीत ऑफिस थाटलेला वास्तुविशारद. बिल्डर मंडळींना इमारत उभी राहण्याआधीच तिचा फोटो हवा असतो आणि तो काढून देणं हा माझ्या पोटापाण्याचा मोठा भाग. या फोटोत कायम संध्याकाळचं सोनेरी ऊन असतं, पार्किंगमध्ये एकच गाडी असते, बाल्कनीत कपडे वाळत नसतात आणि समोरच्या नाल्याच्या जागी गुलमोहर फुललेला असतो. एवढं खोटं खरं वाटावं म्हणून संगणकाला उन्हाच्या एकेका किरणाचा हिशेब ठेवावा लागतो. किरण काचेवर आदळला, तिथून फरशीवर उतरला, फरशीवरून छताला लागला, जाता जाता सोफ्याचा लाल रंग भिंतीला थोडा पुसून गेला. असे कोट्यवधी किरण. हा सगळा हिशेब म्हणजे रेंडर. माझ्या जुन्या मशीनवर एका चित्राला चार-चार तास लागायचे.

त्या चार तासांत मी काय करायचो? काहीही नाही. या वाक्याचं खरं मोल तिथेच आहे. बिल्डरचा फोन यायचा, ‘‘चित्र कुठवर आलं?’’ मी म्हणायचो, ‘‘रेंडर लागलाय.’’ डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत म्हटल्यावर नातेवाईक जसे गप्प होतात, तसा तो गप्प व्हायचा. मशीन एकाच कामात गुंतलेलं, त्यामुळे दुसरं काम करता येत नाही हे मी सर्वांना पटवून दिलेलं. मग चहा व्हायचा, गॅलरीतल्या कुंड्यांची विचारपूस व्हायची, जेवण झालं असेल तर तासभर पाठ टेकली जायची. माझ्या रेंडरच्या सॉफ्टवेअरचं नाव कोरोना. २०२० पर्यंत या नावाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मात्र मी गॅलरीतून फोनवर ‘‘रात्रभर कोरोना चालू होता, सकाळी बंद केला’’ असं मोठ्याने बोललो आणि खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी तीन दिवस आमचा कचरा उचलू दिला नाही.

गेल्या पावसाळ्यात मशीनने मान टाकली. आठ वर्षांचं, चार कोअरचं म्हातारं. नवीन घेणं भाग होतं आणि इथेच घरात दोन पक्ष पडले. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बहुतेक वेळ, गेम खेळते. मला कामाचं मशीन हवं, तिला खेळाचं. पैसे एकाच मशीनचे. बायकोने बँकेत सत्तावीस वर्षं काढली आहेत. तिने निकाल दिला, ‘‘एकच यायचं. कोणतं ते तुम्ही दोघं ठरवा, पण कागदावर लिहून.’’

प्रोसेसर निवडायचा म्हणजे पूर्वी इंटेल की एएमडी एवढाच प्रश्न असे. त्या दोन कंपन्यांचं नातं भाऊबंदकीचं. फेअरचाइल्ड नावाच्या एकाच घरातून बाहेर पडलेल्या माणसांनी १९६८ मध्ये इंटेल काढली आणि १९६९ मध्ये एएमडी. आयबीएमने पीसीसाठी इंटेलचा प्रोसेसर घेताना अट घातली की हा माल बनवणारा दुसराही कुणी पाहिजे. म्हणून १९८२ मध्ये करार होऊन इंटेलचेच प्रोसेसर एएमडी बनवू लागली. पुढे बिनसलं, आणि मग वर्षानुवर्षं कोर्टकचेरी. बांधावरून भांडणाऱ्या चुलत्यांना शोभेल अशी. आमच्या घरात मात्र भांडण आलं ते एकाच एएमडीच्या दोन अपत्यांमध्ये. माझ्या कागदावर होता रायझन ९ ९९५० एक्स. लेकीच्या कागदावर रायझन ७ ९८०० एक्स-थ्रीडी.

ही नावं आहेत की रेल्वेचे इंजिन नंबर, असं बायकोने विचारलं. त्यामागे थोडा इतिहास आहे. नुसत्या आकड्यावर मालकी हक्क सांगता येत नाही असं अमेरिकेतल्या कोर्टाने म्हटल्यावर इंटेलने ३८६, ४८६ ही माळ सोडून १९९३ मध्ये ‘पेंटियम’ असं बारसं केलं होतं. त्या एका नावावर आमची कॉलेजची वर्षं गेली. आता आकडे परत आले आहेत, आणि येताना मागेपुढे अक्षरं घेऊन आले आहेत. रोजच्या बोलण्यात हे जमेना, म्हणून आम्ही दोघांची नावं थोरला आणि धाकटा अशी ठेवली. थोरला ऑगस्ट २०२४ चा, धाकटा नोव्हेंबरचा, त्यामुळे नात्यातही काही चूक नव्हती.

माझा कागद सरळ होता. थोरल्याला सोळा कोअर, धाकट्याला आठ. थोरला सेकंदाला ५.७ अब्ज ठोक्यांपर्यंत पळतो, धाकटा ५.२ पर्यंत. बाजारात आला तेव्हा थोरल्याची किंमत ६४९ डॉलर, धाकट्याची ४७९. थोरल्याकडे माणसं जास्त, पाय जास्त चपळ, मोलही जास्त. यावर वाद घालण्यासारखं काय आहे ते मला कळेना.

‘‘गेममध्ये थोरला हरतो,’’ लेक म्हणाली.

‘‘किती?’’

‘‘गेमवर आहे. कधी पंधरा टक्के, कधी पंचवीसच्याही पुढे.’’

मी चष्मा काढून पुसला. दुप्पट माणसं, जास्त वेग आणि तरी मागे? माझ्या धंद्यात हे फक्त महापालिकेच्या बाबतीत घडताना पाहिलं होतं.

सोळा कोअरचं कोडं सुटायला मला फार वेळ लागला नाही, कारण मी मध्य रेल्वेवर वाढलो आहे. पंधरा डब्यांची लोकल बारा डब्यांच्या लोकलच्या आधी दादरला पोचत नाही. ती जास्त माणसं नेते, इतकंच. तुम्ही एकटे असाल आणि बसायला जागा मिळालेली असेल, तर मागे किती डबे जोडले आहेत याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नसतं. रेंडर ही सकाळची साडेआठची गर्दी आहे. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा हिशेब स्वतंत्र, कुणाला कुणासाठी खोळंबावं लागत नाही; जेवढे डबे जोडाल तेवढी माणसं उचलली जातात. रेंडरच्या कसोटीत म्हणूनच थोरला धाकट्याच्या जवळजवळ दुप्पट काम उपसतो. गेम म्हणजे एकटा प्रवासी. त्याला मोजकेच डबे पुरतात, पण गाडी वेळेवर हवी.

आणि सगळीच कामं काही वाटून घेता येत नाहीत. स्लॅब पडला की सेंटरिंग काढायला दिवस जावे लागतात. गवंडी दुप्पट लावले म्हणून सिमेंट घाई करत नाही. हे मी कितीतरी बिल्डरांना सांगितलं आहे आणि एकालाही ते आवडलेलं नाही. संगणकाच्या जगात हेच जीन अ‍ॅमडाल नावाच्या गृहस्थाने १९६७ मध्ये सांगून ठेवलं. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एक असाच करण्यासारखा असेल, तर सोळा जण लावूनही ते साडेसहापटीच्या आतच राहतं, आणि माणसं अगणित लावली तरी दहापटीच्या पुढे सरकत नाही. वाटून घेण्याजोगी कामं जगात थोडी नाहीत, हेही खरं. मी अठरा वर्षांचा असताना, १९९१ मध्ये, पुण्यात सी-डॅकमध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच एक महाबली प्रोसेसर न घेता ट्रान्सप्यूटर नावाचे पुष्कळसे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून केलेला महासंगणक. आमच्या मनात पुण्याबद्दल असलेली असूया त्या वर्षी आणखी थोडी वाढली. आज त्या धाटणीची सोळा जणांची दिंडी पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या जागेत मावते आणि तिची वाहवा करायची सोडून आम्ही ती गेममध्ये मागे का पडते यावर वाद घालत बसलो होतो.

लेकीने मग थोरल्याचा नकाशा दाखवला, आणि नकाशा दिसला की मी वितळतो. थोरला एकसंध नाही. त्याच्या दोन विंग आहेत, ए आणि बी. प्रत्येक विंगमध्ये आठ कोअर आणि प्रत्येकीचं स्वतःचं ३२ मेगाबाइटचं कोठार. ए विंगमधल्याला बी विंगमधली वस्तू लागली तर जिना उतरून, आवार ओलांडून, पलीकडचा जिना चढायचा. रेंडरला याचं सोयरसुतक नाही, पण गेमची त्यात दमछाक होते. मग विंडोज काय करते? गेम सुरू झाला की बी विंगमधल्या आठही कोअरना झोपवते. याला चक्क ‘कोअर पार्किंग’ म्हणतात. पार्किंग या शब्दाने माझ्या अर्ध्या आयुष्याचा घास घेतला आहे. तो प्रोसेसरमध्येही भेटेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे मी सोळा कोअरचे पैसे मोजणार आणि लेक खेळायला बसली की त्यातले आठ घोरत पडणार!

‘‘आणि खरी गोष्ट कॅशची आहे,’’ ती म्हणाली. ‘‘धाकट्यात कॅश जास्त आहे.’’

‘‘आपण सगळे चेकनेच देणार आहोत,’’ मी म्हणालो. बांधकाम व्यवसायात ‘कॅश’ या शब्दाला एक खास अर्थ आहे आणि तो घरात, तोही बँकेतल्या बायकोसमोर, उच्चारलेला मला आवडत नाही.

लेकीने कपाळावर हात मारला. ही कॅश म्हणजे प्रोसेसरच्या पोटातलं कोठार. पण ती मला पटवून देण्याआधीच तिच्या आईला पटली. कारण सांगतो, जरा लाजिरवाणं आहे. बावीस वर्षांपूर्वी या घराचं स्वयंपाकघर मीच आखलं. दिसायला छान झालं होतं, एका मासिकात फोटोही आला होता. फक्त ओटा आणि फडताळ यांच्यात मी साडेसात फूट अंतर ठेवलं. कागदावर साडेसात फूट म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. तेल तापलेलं असताना मोहरीचा डबा फडताळात राहिला तर ते अंतर किती होतं, हे बावीस वर्षं मला दिवसातून दोनदा ऐकवलं जातं.

आता हिशेब पाहा. धाकट्याचे ठोके सेकंदाला पाच अब्जांहून जास्त. एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम चार बोटं पुढे सरकतो. हा एक ठोका आपण एक सेकंद धरला, तर अगदी हाताशी असलेली वस्तू उचलायला प्रोसेसरला चार-पाच सेकंद लागतात. हा ओट्यावरचा मिसळणाचा डबा. त्याच्यापलीकडचं मोठं कोठार मिनिटभराच्या आत, म्हणजे फडताळ. तिथेही नसेल, तर मदरबोर्डावरच्या रॅमपर्यंत जायचं. तिकडून यायला सहा-सात मिनिटं. हा नाक्यावरचा वाणी. आणि रॅममध्येही नसेल, तर डिस्कवरून आणायचं. त्याला या मापाने तीन-चार दिवस. म्हणजे गावाहून एसटीने पोतं यायची वाट बघा. जगातला कोणताही चपळ प्रोसेसर आयुष्याचा बराच काळ असा, हातात झारा घेऊन, वाण्याकडे गेलेल्या पोराची वाट बघत उभा असतो. धाकट्याचं मोठेपण एवढंच की त्याचं फडताळ आहे ९६ मेगाबाइटचं आणि ते सगळं एकाच विंगमध्ये आहे.

‘‘धाकटा घ्या,’’ बायको म्हणाली. बाकी काही वाचायची तिला गरज वाटली नाही.

गेममध्ये तेल कायम तापलेलं असतं. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात कोण कुठे उभा आहे, गोळी कुठवर आली, दार उघडलं का, सगळं ठरवून टाकायचं आणि लगेच पुढची फोडणी. पुढच्या चित्रात खेळाडू काय करणार हे आधी ठाऊक नसतं, म्हणून कोणती वस्तू लागेल तेही सांगता येत नाही. पाहुणे किती येणार हे ठाऊक नसलेल्या घरात फडताळ भरलेलं असावं लागतं. रेंडरचं तसं नाही. तो लग्नाचा स्वयंपाक. मुदपाकखान्यात काय, किती, कुठे ते आधी ठरलेलं, फक्त हात पाहिजेत.

हे जादा फडताळ बसवलं कुठे, ही गोष्ट माझ्यातल्या वास्तुविशारदाला सर्वांत जास्त भावली. चिपवर जागा नसते, एफएसआय तिथेही संपलेलाच. मग २०२२ मध्ये एएमडीने घरोघरी करतात तेच केलं, पोटमाळा काढला. रायझन ७ ५८०० एक्स-थ्रीडीमध्ये मूळ चिपच्या डोक्यावर ६४ मेगाबाइटचा एक थर चढवला. कोठार वाढलं, पण पोटमाळ्याचे तोटे सगळ्या चाळकऱ्यांना ठाऊक आहेत. खालच्याला वारा लागेना. कोअरची उष्णता वर पंख्याकडे जायची, ती आता थराखाली कोंडली. म्हणून बिचाऱ्याला पळण्यावर मर्यादा घालावी लागली. पुढचा ७८०० एक्स-थ्रीडीही त्याच बांधणीचा. आमच्या धाकट्यात मात्र कुणीतरी नकाशा उलटा धरून पाहिला असावा. त्यांनी कोठार खाली नेलं, कोअरच्या पायाशी. पोटमाळ्याचं तळघर झालं! कोअर वर आली, थेट पंख्याखाली, आणि मोकळेपणी पळू लागली. मी त्या आडव्या छेदाच्या चित्राकडे पंधरा मिनिटं बघत बसलो होतो. तीस वर्षांत मला तळघर करायची परवानगी एकदाच मिळाली, आणि त्यात पाणी शिरलं.

तरी मी इतक्यात हार मानणार नव्हतो. आमचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. धाकट्याने दोनशे काढली काय आणि थोरल्याने दीडशे काढली काय, दिसणार साठच. हा मुद्दा मी चहाच्या वेळी, सर्वांसमोर, हळूच टेबलावर ठेवला.

‘‘बाबा, तू मी काय खेळते ते कधी पाहिलंयस का?’’

नव्हतं पाहिलं. मला वाटायचं बंदुका असतील. ती फॅक्टोरिओ खेळते. त्यात माणूस एका अनोळखी ग्रहावर येऊन पडतो आणि लोखंड, तांबं खणून, पट्टे जोडून, यंत्राला यंत्र लावत कारखाना उभा करतो. मी काम म्हणून इमारती काढतो, ही खेळ म्हणून एमआयडीसी वसवते. अभिमान वाटला आणि किंचित चिंताही. गंमत म्हणजे फॅक्टोरिओ बनवणारी कंपनी प्रागची, आणि माझा कोरोनाही २००९ मध्ये प्रागच्या तंत्र विद्यापीठात एका विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणून सुरू झालेला. बाप-लेकीच्या भांडणाचं माहेर एकच निघालं.

या खेळात ग्राफिक्स कार्डाला फारसं काम नाही. पट्ट्यावरच्या प्रत्येक तुकड्याचा, प्रत्येक यांत्रिक हाताचा हिशेब सेकंदाला साठ वेळा प्रोसेसरने करायचा. कारखाना वाढला की हिशेब साठ वेळा पुरा होत नाही आणि सगळं जगच संथ होतं. याला ते लोक ‘यूपीएस पडला’ म्हणतात. गेल्या वर्षभरात ही मुलगी रात्री-अपरात्री ‘‘यूपीएस पडतोय!’’ असं ओरडायची आणि मी दर वेळी उठून टेबलाखालची बॅटरी तपासायचो. दोनदा पाणीसुद्धा भरलं होतं. ते लागणारी बॅटरी ही नव्हेच, असं इन्व्हर्टरवाल्याने नंतर सांगितलं.

‘‘मला दोनशे नकोतच,’’ ती म्हणाली. ‘‘साठच पाहिजेत. पण कायम साठ.’’

हे मला लगेच समजलं. गाड्यांच्या वेळापत्रकात सरासरीला काही अर्थ नसतो. वर्षभर वेळेवर येणारी आठ-बाराची लोकल मुलाखतीच्या दिवशी पंचवीस मिनिटं रखडली, तर लक्षात तेवढीच राहते. प्रोसेसरची परीक्षा घेणारेसुद्धा सरासरीच्या शेजारी ‘एक टक्का लो’ म्हणून आकडा देतात, म्हणजे सर्वांत वाईट शंभरावा हिस्सा कसा गेला. धाकट्याची खरी मातब्बरी त्या रकान्यात दिसते. अर्थात कारखाना फारच माजला की ते मोठं फडताळही ओसंडतं आणि पुन्हा वाण्याकडे पळापळ सुरू होते. हे तिनेच सांगितलं, मी न विचारता. वादात स्वतःच्या विरुद्ध पुरावा देणारी ही सवय तिला कुठून लागली कळत नाही. माझ्याकडून नक्की नाही.

मग तिने माझ्या दिवसाचा पंचनामा केला. सकाळी ऑटोकॅड. ऑटोकॅड बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. थोरला आणला असता तर पंधरा कोअर माझ्याकडे बघत बसली असती. दुपारी साइट, फोन, महापालिका. तिथे कोणताही प्रोसेसर लागत नाही, लागतो तो संयम. मोठे रेंडर रात्री लावून ठेवायचे.

‘‘म्हणजे तुझा थोरला ज्या वेळी जिंकणार, त्या वेळी तू झोपलेला असतोस.’’

मी विजेचा मुद्दा काढून पाहिला, पण तोही तिच्याच बाजूने वळला. थोरल्यावर १७० वॅट लिहिलेलं, धाकट्यावर १२०. मला तो विजेचा खर्च वाटला होता. निघाला कार्पेट एरिया. भरपूर काम पडलं की दोघंही लिहिलेल्यापेक्षा जास्त वॅट घेतात, आणि थोरला धाकट्याहून जास्त. हा झाला सुपर बिल्टअप. ५.७ अब्ज ठोक्यांच्या आकड्यापुढचा ‘पर्यंत’ हा शब्द मी ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ या जाहिरातीइतक्याच आदराने वाचायला हवा होता. धावत गेलात, रस्त्यात कुणी आडवं आलं नाही आणि एकटेच असलात, तर पाच मिनिटं. सोळाही कोअर एकदम धावू लागली की ५.७ कुठलं?

शेवटी एका शनिवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. या रस्त्याला सरकारी कागदावर डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, पण तिथे पंखा मागायला जाणाऱ्या माणसाच्या तोंडी ते कधी येत नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची फटच. त्यात तीन माणसं, चारशे खोकी आणि एक गणपती. मालकांनी आमचे दोन्ही कागद बघितले आणि एकच विचारलं, ‘‘ग्राफिक कार्ड कोणतं?’’

मी नाव सांगितलं. दुकानात शांतता पसरली. एका पोऱ्याने दुसऱ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने मालक अदबीने म्हणाले, ‘‘साहेब, ते अजून चालतं?’’ मग त्यांनी मायेने समजावलं. दोन प्रोसेसरमधला तो पंचवीस टक्क्यांचा फरक दाखवायला परीक्षक सर्वांत महागडं कार्ड लावतात आणि चित्र मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे कार्डावर भार पडू नये. चित्र मोठं केलं, फोर-के वगैरे, की सगळा भार कार्डावर येतो आणि दोन्ही भाऊ एकाच बाकावर येऊन बसतात. आमच्या कार्डावर तर फॅक्टोरिओ सोडून बाकी खेळांत कुणीही कुणाला ओळखणार नाही.

एवढं बोलून झाल्यावर त्यांनी काउंटरखालून तिसरं खोकं काढलं. रायझन ९ ९९५० एक्स-थ्रीडी, मार्च २०२५ चा. सोळा कोअर, दोन विंग, त्यातल्या एका विंगखाली तळघर. ‘‘काम भी, गेम भी,’’ ते म्हणाले. बाजारात येताना किंमत ६९९ डॉलर. बाप-लेकींनी एकमेकांकडे पाहिलं. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच आमचं एकमत होऊ घातलं होतं. मी घरी फोन लावला.

‘‘नाही,’’ बायको म्हणाली. आकडा सांगायचासुद्धा वेळ मिळाला नाही.

फोन खिशात ठेवला आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, ‘‘धाकटा द्या.’’ लेक माझ्याकडे बघतच राहिली. परतीच्या गाडीत तिने चक्क मला खिडकी दिली. मी ऑटोकॅडचं कारण सांगितलं, विजेचं सांगितलं, तिच्या आईच्या फडताळाचं सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. ते मी आदल्या रात्री एका जुन्या पाकिटाच्या मागे मांडलं होतं. जुन्या मशीनवरचा चार तासांचा रेंडर धाकट्यावर साधारण तासाभरात उरकणार होता. थोरल्यावर पस्तीस मिनिटांत. आता जेवण झाल्यावर पाठ टेकायची, डोळा लागायचा, मग अर्धवट जाग, मग कूस बदलून दुसरी डुलकी, मग उठून चहा. एवढं सगळं पस्तीस मिनिटांत बसवून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मशीन जोडायला लेक बसली. प्रोसेसर जागेवर ठेवताना तिने श्वास धरला, वाटाण्याएवढी पेस्ट लावली, वर कूलर बसवला आणि बटण दाबलं. आई कुंकवाची वाटी घेऊनच उभी होती. पहिला रेंडर मी बुधवारी दुपारी दोनला लावला आणि आत जाऊन आडवा झालो. उठलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पडद्यावर चित्र कधीच तयार होऊन मागे पडलं होतं. पुढे लेकीचा कारखाना. पट्ट्यांवरून लोखंड वाहत होतं, यांत्रिक हात न थकता उचलत होते, कोपऱ्यातला आकडा साठावर घट्ट उभा होता.

इतक्यात बिल्डरचा फोन वाजला.

‘‘रेंडर लागलाय,’’ मी म्हणालो.

लेकीने पडद्यावरची नजर न हलवता हात वर केला. ‘‘अजून अर्धा तास सांग, बाबा,’’ ती हळूच म्हणाली.